थोरलीची राखण

सोमवार. संपाचा पहिला दिवस.
भट्टी १२६०. पातळी खुणेला.

ही वही धाकटीने आणून दिली. म्हणाली, "बाबा, संपाच्या समितीला रोजचे आकडे लागतील, लिहून ठेवत जा." आकडे, म्हणजे भट्टीचे अंश आणि आतल्या काचेची पातळी, मी कारखान्याच्या बुकात लिहितोच. पण वही कोरी आहे आणि घरात माझं ऐकून घेणारं कुणी नाही, तेव्हा उरलेलं इथे लिहीन. दुसऱ्या कुणी वाचायचं कारण नाही.

आज गोदी, रेल्वे, ट्रक, वीज, गिरण्या, गॅस, काच, सगळं एकदम बंद. यापुढे कुणीही कायम नाही, सगळे ठेक्यावर, असा सरकारी हुकूम निघाला, त्यावरून. सकाळी एकही भोंगा झाला नाही. सहाला निघालो तर रस्त्यात आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता.

मी मात्र कामावर. काचेची भट्टी विझवता येत नाही. आत वीस टन रस असतो, म्हणजे पातळ काच. तो थंड झाला की दगड होतो आणि विटा फोडतो. मग भट्टी राहत नाही, ढिगारा राहतो. म्हणून समितीनेच ठरवलं, चौघांनी आत जाऊन नुसती ऊब राखायची, काच काढायची नाही. सकाळी सहा ते दोन मी, दोन ते दहा माझा मेहुणा, रात्री दोघे फिटर. दंडाला पांढरी फीत. फाटकावर बसलेल्या आमच्याच लोकांनी हसत वाट दिली, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भट्टीला घरात थोरली म्हणतात. नाव हिने ठेवलं, माझ्या बायकोने. अकरा वर्षांपूर्वी भट्टी पेटवली तेव्हा मी एकवीस दिवस घरी आलो नव्हतो. मुलगी तेव्हा चौदाची, तापाने फणफणलेली. आलो तर ही म्हणाली, "थोरलीचं आवरलं का? आता धाकटीकडे बघा जरा." झालं. तेव्हापासून एकुलती एक मुलगी धाकटी झाली.

बुधवार. तिसरा दिवस.
भट्टी १२६०. पातळी खुणेला.

धाकटी गॅसच्या केंद्रावर झडपांवर असते. तिथेही संप आहे, पण तीन नळांना बारीक गॅस चालू ठेवलाय: दवाखाना, पाण्याचे पंप आणि आम्ही. पहिल्या दोघांना कुणी हरकत घेतली नाही. आमच्या नावाला समितीत गोदीचा मुकादम आडवा आला. म्हणाला, गोदीत आमच्या डोळ्यांदेखत माल सडतोय, तो आम्ही सडू देतोय, आणि मालकाची भट्टी आपण राखायची? धाकटीने उभं राहून सांगितलं, "एक बाटली बाहेर जाणार नाही. माझे बाबा आहेत तिथे." मग मुकादम बसला.

हे मला हिच्याकडून कळलं. बरं वाटलं. असं काही ती माझ्या तोंडावर कधी बोलत नाही.

जेवताना मी विचारलं, काम थांबवून काम वाचतं ते कसं काय बुवा? धाकटी म्हणाली, "एकट्या काचवाल्यांनी थांबवलं तर तुम्हाला काढून दुसरे घेतील. सगळ्यांनीच थांबवलं तर दुसरे आणणार कुठून? आणणारी गाडी पण बंद आहे." हुशार आहे. तरी मला ते पटलं असं नाही. मला एवढंच कळतं की थोरली जिवंत राहिली तर संप कसाही मिटो, चारशे माणसांना परत जायला जागा राहील.

शुक्रवार. पाचवा दिवस.
भट्टी १२६५. पातळी अर्धं बोट खाली.

मोठे साहेब स्वतः खाली आले. अकरा वर्षांत तीनदा आले असतील. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." चहा पाठवला. त्यांनी बंदीच्या निमित्ताने साफसफाई काढलेली दिसते, कचऱ्याची गाडी रोज संध्याकाळी येते म्हणे. बाकी काही असो, माणसाला स्वच्छतेची आवड आहे.

पातळीचं काय ते कळेना. रस काढत नाही तर तो खाली जाईल कसा? मेहुण्याने बुकात दहा वाजता "खुणेला" लिहिलंय, त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. सकाळी मी गज घातला तर अर्धं बोट खाली. मोजायचा गजच झिजला असेल.

शनिवार. सहावा दिवस.
भट्टी १२६०. पातळी एक बोट खाली.

गज नवीन घेतला. तरी एक बोट.

मेहुणा पहाटे, मी निघण्याआधी, घरी आला होता. भलताच खुशीत. संपाच्या आदल्या महिन्यात तोंड पाडून बसायचा, कारण मागचा फुंकायचा कट्टा बंद करणार अशी बोलवा होती. आमच्याकडे बाकी सगळं यंत्रावर, फक्त औषधाच्या छोट्या बाटल्या त्या कट्ट्यावर हाताने होतात, आणि मेहुण्यासारखा फुंकणारा आता कुठे राहिलाय. आज मात्र बहिणीची चेष्टा करत होता. हिने विचारलं, "ओठ का रे सुजलेत?" म्हणाला, चहा गरम होता. ही म्हणाली, "बायको आणून देतच नाही वाटतं, आयता मिळाला की अधाशासारखा पितोस." आम्ही हसलो. धाकटी नव्हती. ती तीन दिवस केंद्रावरच आहे.

सोमवार. आठवा दिवस.
भट्टी १२५५. पातळी दोन बोटं खाली.

थोरली गळतेय.

दुसरं कारण असूच शकत नाही. रात्री गॅस आणखी बारीक होतो, तळाच्या विटा आकसतात, फटीतून रस उतरत असणार. आज दोन तास तिच्या पोटाखाली सरपटत होतो. बॅटरीने वीट न् वीट बघितली. कुठे थेंब नाही, चकाकी नाही. पाठ सोलून निघाली. म्हणजे गळती आतल्या थरात आहे, दिसत नाही, आणि तीच जास्त वाईट असते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. समितीला कळलं तर म्हणतील, गळकी भट्टी कशाला राखायची, द्या तो गॅस दुसऱ्याला. साहेबांना कळलं तर तेही हात झटकतील. मेहुण्याला तेवढं विचारलं, तुझ्या पाळीत काही जाणवतं का? तो म्हणाला, "नाही दाजी. पण गळत असेल तर भर घाल की वरून." त्याला माझी काळजी कळली असावी, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मंगळवार. नववा दिवस.
भट्टी १२५०. भर घालून पातळी खुणेला.

भर घातली. पांढरी फुटकी काच संपली होती, फाटकातून नवीन येणं शक्य नाही. मागे तपकिरी बाटल्यांचा ढीग पडलाय, अकरा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. पांढऱ्या रसात तपकिरी घालणं म्हणजे दुधात हळद. पण भिंत उघडी पडण्यापेक्षा ते बरं. सात पाट्या घातल्या. डोळ्यातून, म्हणजे भट्टीच्या बघायच्या भोकातून, पाहिलं. विरघळली बिचारी.

आता संप मिटला की पहिले आठ दिवस माल पिवळट हिरवा निघेल आणि सगळे माझ्या नावाने खडे फोडतील. फोडोत.

गुरुवार. अकरावा दिवस.
भट्टी १२५०. सकाळी एक बोट खाली, चार पाट्या घातल्या.

धाकटी घरी आली. डोळे खोल गेलेत. हिने डोक्याला तेल लावून दिलं तर बसल्या बसल्या झोपली. जागी झाल्यावर म्हणाली, सरकारने बोलणी करायला बोलावलंय, येत्या बुधवारी. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. गोदीत जहाजं अडकल्यामुळे बाहेरून दाब आलाय. बुधवारपर्यंत कुणी फुटलं नाही तर हुकूम मागे घेतील असं सगळ्यांना वाटतंय. "एकाने जरी सुरुवात केली ना बाबा, तर बाकीचे धरून ठेवता येणार नाहीत. घराघरात हाल आहेत. आपल्यासारखेच बाकीचेही थांबलेत, एवढ्या विश्वासावर माणूस थांबतो."

मी म्हटलं, होईल सगळं नीट. गळतीचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

रविवार. चौदावा दिवस.
भट्टी १२५०. पातळी खुणेला.

सकाळी तीन पाट्या घातल्या. पुढचं लिहायला बसून अर्धा तास झाला.

दुपारी धाकटी आली ती सरळ स्वयंपाकघरात. पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. औषधाची, वितीएवढी. गोदीवाल्यांना एक खोकं सापडलं, बाहेर पाठवायला आणून ठेवलेल्या मालात. बुडाला आमच्या कारखान्याची खूण. मुकादम तिच्या अंगावर ओरडला म्हणे, भर सभेत. ती म्हणाली, जुना माल असेल, गोदामातला, संपाआधीचा. तो म्हणाला, तुझ्या बापाला दाखव, तो ओळखेल.

"बघा ना बाबा. जुनी आहे का नवी? तुम्ही सांगाल ते मी तिथे सांगते."

बाटली हातात घेतली. खिडकीकडे धरायचीही गरज नव्हती. पिवळट हिरवी होती. अशी काच आमच्याकडे अकरा वर्षांत झालेली नाही. अशी काच नवव्या दिवसानंतरच होऊ शकते, आणि माझ्या सात पाट्यांमधूनच.

रस कुठे जात होता ते तेव्हा कळलं. ओठ, गाडी, मोत्यासारखं अक्षर, सगळं एकदम. गळती शोधताना मी विटा चाटायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या आणि माणसाकडे बघितलं नाही.

ती तोंडाकडे बघत होती. मला समोर दिसत होतं. मी "नवी" म्हटलं की गॅस बंद. दोन दिवसांत थोरली मेली. आणि बायकोचा भाऊ फितूर ठरला.

मी म्हटलं, "जुनी आहे."

तिने किती मोठा श्वास सोडला. म्हणाली, "मला माहीत होतं." बाटली तिथेच ठेवून धावत गेली.

सोमवार. पंधरावा दिवस.
भट्टी १२५०. पातळी बघितली नाही.

चारला परत गेलो, माझी पाळी नसताना. मागच्या कट्ट्यावर मेहुणा नळी फिरवत होता. साच्याजवळ दोन परके. त्याने मला पाहिलं, पण नळीच्या टोकाला रस होता. तेवढी बाटली पुरी केली, मग नळी खाली ठेवली. कारागीर आहे.

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेबांनी शब्द दिलाय दाजी, मी असेपर्यंत कट्टा ठेवतो. आणि दवाखान्यासाठी आहेत म्हणाले होते. औषधाच्याच बाटल्या ना. मला खरं वाटलं. खरं वाटून घेतलं म्हण." मी म्हटलं, गोदीत सापडल्या. त्याने साचा मिटवून ठेवला. म्हणाला, "मी आजपासून बंद करतो. तू बोलू नकोस. तू बोललास तर कट्टाही नाही आणि थोरलीही नाही."

मी कबूल केलं. कुणाला न दुखवता मिटतंय असं वाटलं. बुधवार काही लांब नाही, दोन दिवसच तर काढायचेत.

मंगळवार. सोळावा दिवस.
भट्टी १२५५. पातळी खुणेला.

पातळी जागची हलली नाही. म्हणजे त्याने शब्द पाळला.

पण सकाळी आणखी तीन खोकी मिळाली, रस्त्यावरच, कचऱ्याच्या गाडीत. आधी बनवलेली. ट्रकवाल्यांनी ती फोडून सगळ्यांना दाखवली. दुपारी त्यांचे चाळीस ट्रक निघाले. फाटकावरून जाताना एक ड्रायव्हर मला म्हणाला, "काका, पोरं आमच्या घरीही आहेत." फाटकावर आज कुणी हसलं नाही.

बोलणी उद्या. एक दिवस. फक्त एक दिवस धरून ठेवा रे.

बुधवार. सतरावा दिवस.
भट्टी १२५०. पातळी खुणेला.

बोलणी झाली नाहीत. सरकारने निरोप दिला, ट्रक सुरू झालेत, घाई काय आहे.

मैदानात सभा भरली. मी मागे उभा होतो. मुकादम बोलायला उठला. ओरडला नाही, हळू बोलला, ते जास्त लागलं. "काचवाल्यांचा माल बाहेर जातोय. आमच्या लोकांना मी काय सांगू?" धाकटी उठली. तीच पिशवी हातात. म्हणाली, "जुना माल आहे. माझ्या बाबांनी बघून सांगितलंय. तीस वर्षं काचेत आहेत ते." कुणीतरी मागून हसलं. ती लाल झाली, पण बसली नाही. परत म्हणाली, "माझे बाबा खोटं बोलणार नाहीत."

मी पुढे गेलो. वाट मागावी लागली नाही, लोक आपसूक बाजूला होत होते. म्हटलं, "नवी आहे. रविवारीच कळलं होतं मला." बाटली हिरवी का, तेही सांगितलं. मेहुण्याचंही सांगितलं. चारशे जणांना कळेल अशा आवाजात सांगितलं, कारण एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना.

धाकटीने माझ्याकडे बघितलंच नाही. हातातली पिशवी घडी करत राहिली. घडी झाली की उलगडायची, परत घालायची.

हात वर करून ठरलं: काचेचा गॅस बंद. विरोधात एकही हात नाही. माझाही नाही.

गुरुवार. अठरावा दिवस.

सकाळी सहाला धाकटी भट्टीवर आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारात उभी राहून विचारलं, "कसं बंद करू म्हणजे कमी फुटेल?"

मी म्हटलं, नीट निववायचं तर पंधरा दिवस लागतात.

"दुपारपर्यंतचा वेळ आहे."

मग दर तासाला झडपेचा पाव फेरा, असं सांगितलं. मान हलवून गेली. बाप म्हणून नाही, भट्टीवाला म्हणून विचारलं तिने. उत्तरही तसंच दिलं.

सातला ११९०. आठला ११००. डोळ्यातून बघत होतो. पांढऱ्याचं नारिंगी झालं. अकराला ८२०, तांबडं. तिने एक तासही चुकवला नाही, तिकडे झडप फिरली की इथे ज्योत तेवढीच उतरायची. बाराला पहिली वीट बोलली. कुणी बोटं मोडावीत तेवढाच आवाज. मग कमानीतून एक मोठा आला, आणि पुढे मी मोजले नाहीत. दोनला मेहुणा त्याच्या पाळीला आला. वेळेवर. खाली बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याला घालवून द्यावं असं मनात होतं, पण आणखी कुणी नव्हतंच तिथे.

संध्याकाळी घरी येताना रस्त्यात कळलं, गोदी सकाळीच सुरू झाली होती. मुकादमाने सभेनंतर लोकांना सांगून बघितलं, काचवाले स्वतःची भट्टी मारायला निघालेत, आता तरी थांबा. ते म्हणाले, रविवारी मारायला हवी होती.

शनिवार. विसावा दिवस.

संप संपला. सगळ्यांनी कामावर यावं, हुकूम कायम. आज सकाळी सगळे भोंगे वाजले, आमचा सोडून.

सोमवार. बाविसावा दिवस. (आता कसला दिवस, तरी लिहिलं.)

गॅस केंद्राच्या दारावर काढलेल्यांची यादी लागलीय. अकरा नावं. धाकटीचं दुसरं.

आमच्या फाटकाला कुलूप आणि कागद: संपकऱ्यांनी भट्टी नष्ट केल्यामुळे कारखाना कायमचा बंद. कागद खोटा नाही, हेच वाईट आहे. कचऱ्याच्या गाडीबद्दल त्यात काही नाही. चारशेजण आळीपाळीने तो वाचून जातात. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. एकाने नमस्कार केला, त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

ही भावाशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण मीठ द्या, दार लावा, एवढंच. बाटली अजून स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. टाकायला कुणी हात लावत नाही.

शनिवार. सत्ताविसावा दिवस.

डबा आणि जुना कोट आत राहिला होता. वॉचमनने पाच मिनिटांसाठी सोडलं.

सवयीने आधी तापमापकाकडे गेलो. काटा टेकलेला. तो सहाशेच्या खालचं सांगतच नाही, कधी गरजच पडली नव्हती. डोळ्यातून बघितलं तर अंधार. बॅटरी मारली. रस गोठून बसलाय, पिवळट हिरवा, मधोमध भेगा. कमान अर्धी आत आलीय.

मग तिच्या अंगावर हात ठेवला. तळवा पुरा टेकवला. अकरा वर्षं तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो, पहिल्यांदा हात ठेवता आला. बाहेरच्या भिंतीइतकीच गार होती. वॉचमनने हाक मारेपर्यंत तसाच उभा होतो.

घरी आलो तेव्हा ही बाहेर गेली होती. धाकटी खिडकीशी बसली होती, पाठ माझ्याकडे. कामासाठी अर्ज लिहीत होती, चौथा की पाचवा. माझी चाहूल लागली तशी लेखणी थांबली. वळली नाही. म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हाला माझी आठवण आली होती का? बाटली हातात होती तेव्हा?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, नाही. थोरलीची आली.

ती मान हलवून परत लिहायला लागली. मी तिच्या मागे गेलो. डोक्यावर हात ठेवावा म्हणून उचलला. केसांपासून वीतभर अंतरावर नेला आणि तिथेच धरून राहिलो. मग खाली घेतला आणि ही वही काढून बसलो.